मिनी ट्रॅक्टरवर इन्व्हर्टर लावून ड्रिल-ग्राईंडर चालवायचंय? मग आधी हे सगळं वाचा

द्राक्षाच्या मांडवाचं काम चालू असतं, मधल्याच एखाद्या ओळीत अँगलला भोक पाडायचं असतं नाहीतर गंजलेला बोल्ट ग्राईंडरने कापायचा असतो, आणि लाईट कुठे तर विहिरीवरच्या पेटीत. तीसुद्धा शेतीच्या फिडरची, म्हणजे दिवसातले काही तास, कधी दिवसा कधी रात्री. तीनशे मीटर वायर कोण ओढणार? ट्रॅक्टर मात्र शेजारीच उभा असतो, त्याच्यात बॅटरी असते, इंजिन असतं, मग याच्यावरच मशीन का चालत नाही असा विचार मनात येतोच, आणि विचार बरोबर आहे, बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर मधे लावला की चालतं. फक्त काय चालतं, किती वेळ चालतं आणि जोडायचं कसं हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर इन्व्हर्टर जळतो, बॅटरी बसते, आणि वाईट झालं तर बॉनेटखाली आग लागते.

हे सगळं १८ ते २८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरसाठी लिहितोय, बागेत चालतात ते, जिवो, स्वराज ७२४, कुबोटा, व्हीएसटी, कॅप्टन वगैरे. कंपनी कोणतीही असो, १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला हिशोब सारखाच लागतो.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढून टाका

लोक म्हणतात, २४ एचपीचं इंजिन आहे, एक ग्राईंडर चालवायला काय जड आहे? आता २४ एचपी म्हणजे जवळपास १८ किलोवॅट, हे खरं आहे. पण ही ताकद क्रँकवर आहे, पीटीओवर (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) आणि चाकांवर आहे. वीज तयार करतो तो अल्टरनेटर, बेल्टवर फिरणारा छोटासा डबा, आणि मिनी ट्रॅक्टरवर तो बहुतेक वेळा ३५ ते ४५ अँपिअरचा असतो. ३६ अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे साधारण ५०० वॅट. त्यातून ट्रॅक्टरचं स्वतःचं थोडं जातं, इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णता म्हणून जातात, तर हातात सलग मिळणारी वीज ३५० ते ४०० वॅट धरा. इंजिन कितीही मोठं असू द्या, आकडा हाच. याच्यावर जे लागेल ते बॅटरीतून उसनं घ्यायचं आणि नंतर इंजिन चालू ठेवून परत भरायचं. उसनं किती घेतलं आणि परत किती भरलं एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पायरी १: आपल्या ट्रॅक्टरची तपासणी

अल्टरनेटरवर छोटी प्लेट किंवा स्टिकर असतो, फडक्याने पुसून वाचा, १२ व्होल्ट आणि पुढे अँपिअर लिहिलेलं असतं. नसेल दिसत तर ओनर्स मॅन्युअलमध्ये इलेक्ट्रिकलच्या पानावर मिळेल. बॅटरीवर एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं) लिहिलेलं असतं, ५० पासून ७५-८० पर्यंत काहीही असू शकतं.

मग मल्टीमीटर घ्या, साधा स्वस्तातला चालतो. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळजवळ संपत आलेली. आता स्टार्ट करून हँड थ्रॉटल थोडा ओढा, चौदाशे-पंधराशे आरपीएमला १३.८ ते १४.५ च्या मध्ये आलं पाहिजे. इथे जर १३ च्या आतच अडकलं तर इन्व्हर्टरचा विषय बाजूला ठेवा, आधी बेल्ट, अल्टरनेटर, रेग्युलेटर बघून घ्या. सेल्फ मारताना आत्ताच कुरकुरणाऱ्या बॅटरीवर इन्व्हर्टर बसवू नका, महिनाभरात धक्का स्टार्ट करायची वेळ येईल.

पायरी २: मशीनची प्लेट वाचा

प्रत्येक मशीनवर वॅट लिहिलेले असतात. एक सोपा हिशोब पाठ करून ठेवा: १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला वॅटला दहाने भागलं की बॅटरीकडून किती अँपिअर ओढणार ते कळतं, इन्व्हर्टरमधली गळती यातच धरलेली आहे. ६७० वॅटचा चार इंची ग्राईंडर म्हणजे ६७ अँपिअर. ट्रॅक्टरच्या हेडलाईटची वायर ज्या जाडीची असते तिच्यातून हे जाणार नाही, यावरून अंदाज करा.

मजेत चालणाऱ्या गोष्टी: दहा एमएमची ड्रिल मशीन, जिगसॉ, सोल्डरिंग, लॅपटॉप-मोबाईल, बॅटरी कात्रीचा चार्जर, पाठीवरच्या बॅटरी पंपाचा चार्जर, कॉर्डलेस ड्रिलचा चार्जर.

थोडा थोडा वेळ देऊन चालणाऱ्या: चार इंची ग्राईंडर, तेरा एमएमची इम्पॅक्ट ड्रिल, छोटी हॅमर ड्रिल, रेडिएटरची धूळ उडवायचा ब्लोअर.

मार्बल कटर बाराशे वॅटपर्यंत जातो, म्हणजे १२० अँपिअर, तो मी मिनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावू नका असंच म्हणेन. हीट गन, इलेक्ट्रिक चेनसॉ, प्रेशर वॉशर हे तर दीड-दोन हजार वॅटचे, त्यांचा विचारच नको.

आणि पाण्याची मोटर, एअर कॉम्प्रेसर, कडबा कुट्टी यांच्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. यांना इंडक्शन मोटर असते. एक एचपीची मोटर चालू असताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सात पट करंट ओढते. ड्रिल-ग्राईंडरला ब्रशची मोटर असते, तीपण सुरू होताना दोन-तीन पट ओढते, पण लगेच खाली येते, म्हणून ते निभावून जातं. कुट्टीचं निभावत नाही. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो, आणि स्वस्तातला असेल तर बंद पडायच्या आधीच आतले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) उडतात.

पायरी ३: इन्व्हर्टर कोणता घ्यायचा

दुकानात जाऊन नुसतं इन्व्हर्टर द्या म्हणालात तर घरी लाईट गेल्यावर चालतो तो देतील. तो नाही पाहिजे. त्याच्यात चार्जरही असतो, ट्रान्सफॉर्मर जड असतो, हादऱ्यांसाठी तो बनवलेला नाही. आपल्याला पाहिजे तो कारसाठी किंवा सोलरसाठी मिळतो तसला, १२ व्होल्ट डीसी आत आणि २३० व्होल्ट ५० हर्ट्झ बाहेर.

आता यात दोन प्रकार. मॉडिफाईड साईन वेव्ह स्वस्त, तिची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते; प्युअर साईन वेव्ह महाग, तिची घरच्या विजेसारखी सलग. साधी ड्रिल किंवा ग्राईंडर मॉडिफाईडवर फिरते, पण गुणगुणते आणि जास्त तापते, आणि स्पीड कमी-जास्त करायचं बटण असलेली मशीन विचित्र वागते. चार्जरचं तर सांगताच येत नाही, काही चालतात, काही हळूहळू भाजून जातात. बॅटरी कात्रीचा चार्जर गेला की ऐन छाटणीत माणसं बसून राहतात, त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे, प्युअर साईन वेव्हच घ्या, वॅट कमी चालतील पण प्युअर घ्या.

किती वॅटचा? खोक्यावर मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं ते बऱ्याचदा पीक असतं, क्षणभरासाठीचं. तुम्ही कंटिन्युअस किती ते बघा, मॅन्युअलमध्ये किंवा मागच्या प्लेटवर असतं. ड्रिल आणि चार इंची ग्राईंडरसाठी कंटिन्युअस १००० वॅट आणि पीक २००० चा घ्या. फक्त चार्जर आणि छोटी ड्रिल असेल तर ५००-६०० पुरेसा. २००० किंवा ३००० कंटिन्युअसचा घेऊन काही उपयोग नाही, कारण बॅटरी आणि अल्टरनेटर तेवढं देणारच नाहीत, मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी जास्त करंट खातो हे वेगळंच. लो बॅटरी कट-ऑफ, ओव्हरलोड, उलटी जोडणी यांची सुरक्षा आहे का विचारून घ्या.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये घालायचा छोटा इन्व्हर्टर असतो, तो मोबाईल-लॅपटॉपपुरता, कारण त्या सॉकेटला फ्यूजच दहा-पंधरा अँपिअरचा असतो. दीडशे वॅटच्या पुढे काहीही लावायचं तर बॅटरीवरून स्वतंत्र वायर आणायची.

पायरी ४: वायर, थिंबल, फ्यूज. इथेच सगळे फसतात

इन्व्हर्टरसोबत खोक्यात येणारी लाल-काळी वायर आणि मगरीच्या तोंडाचे चिमटे, ते बाजूला ठेवून द्या. दीड-दोनशे वॅटला ते ठीक आहेत, ग्राईंडरला नाहीत.

१२ व्होल्टच्या बाजूला करंट प्रचंड असतो आणि व्होल्टेज कमी, म्हणून वायरमध्ये वाया जाणारा एक व्होल्टसुद्धा जड जातो. आकड्यातच बघा. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दोन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर. १०० अँपिअर ओढले तर तिच्यात सव्वा व्होल्टच्या आसपास खाल्ला जातो, म्हणजे शंभरावर वॅट नुसते वायर तापवण्यात. बॅटरीवर १२ असताना इन्व्हर्टरला पावणेअकराच दिसतात आणि तो बॅटरी संपली समजून ओरडायला लागतो. तेच २५ स्क्वेअर एमएम लावली तर पाव व्होल्टच्या आसपासच फरक पडतो. अर्ध्या इंची पाइपातून पाच एचपीचं पाणी काढायला गेल्यावर जे होतं तेच इथे होतं.

म्हणून १००० वॅटला किमान २५ स्क्वेअर एमएम आणि १५०० ला ३५ घ्या. वेल्डिंग केबल सगळ्यात चांगली, बारीक तारांची असल्याने लवचिक असते, हादऱ्यांनी तुटत नाही. पण घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, घेऊ नका. लांबी दीड मीटरच्या आत बसवायचा प्रयत्न करा.

वायरच्या टोकांना तांब्याचं थिंबल (बोल्टला अडकवायचं भोक असलेलं टोक) लावायचं आणि ते हायड्रॉलिक क्रिंपिंगने दाबून घ्यायचं. बॅटरीवाल्याकडे किंवा पॅनेल बनवणाऱ्याकडे ते मशीन असतं, चार टोकं दाबायला पाच मिनिटं लागतात. हातोडीने ठोकून चपटं केलेलं थिंबल वरून घट्ट वाटतं पण आत तारांमध्ये हवा राहते. पंधरा दिवसांत त्या तारा काळ्या पडतात, थिंबल तापून निळसर होतं, वरची स्लीव्ह आक्रसून करपल्याचा वास यायला लागतो, आणि बाहेरून बघितलं तर सगळं जागेवरच दिसतं. दाबून झालं की वायर धरून जोरात ओढून बघा, मग हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

फ्यूज. हा नसेल तर बाकीचं काही जोडूच नका. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वीतभर अंतरात बसवायचा, इन्व्हर्टरजवळ नाही. कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो. मधेच कुठे वायर घासून चेसिसला लागली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, आणि फ्यूज पलीकडच्या टोकाला असेल तर त्याला ते कळतही नाही, तोपर्यंत डिझेलच्या पाइपशेजारी वायर लाल झालेली असते. १००० वॅटला १२५ अँपिअरचा एएनएल फ्यूज (जास्त करंटचा, बोल्टने आवळायचा पट्टीचा फ्यूज) होल्डरसकट घ्या, १५०० ला १७५ चा, आणि एक जादा टूलबॉक्समध्ये ठेवा. घरच्या बोर्डातली एमसीबी इथे लावायची नाही, ती एसीची असते, डीसीचा एवढा करंट तिला सुरक्षितपणे तोडता येत नाही. फ्यूज उडाला की तांब्याची तार गुंडाळायची सवय असेल तर ती इथे सोडा.

पायरी ५: ठेवायचा कुठे

बागेतल्या ट्रॅक्टरवर जागाच नसते हे मान्य. बॉनेटच्या आत नको, सायलेन्सरजवळ नको, रेडिएटरच्या गरम हवेत नको. मडगार्डच्या आतल्या बाजूला किंवा सीटमागे जमतं, पण बऱ्याच ट्रॅक्टरची बॅटरी पुढे रेडिएटरसमोर असते, मग वायर लांबते. आणि द्राक्षबागेत आणखी एक त्रास आहे, फवारणी. गंधक, मोरचूद, बोर्डो हे सगळं इन्व्हर्टरच्या पंख्यातून आत गेलं की वर्षभरात बोर्ड हिरवा पडतो.

म्हणून मला कायमचा बसवण्यापेक्षा काढता-घालता येणारा बरा वाटतो. बॅटरीवरून फ्यूजमधून निघालेली जाड वायर बंपरजवळ किंवा बाजूला आणून तिला अँडरसन कनेक्टर लावायचा, फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असतो तसला, १७५ अँपिअरचा. इन्व्हर्टर एका पत्र्याच्या किंवा जाड प्लायच्या पेटीत, खाली रबर, दोन्ही बाजूला हवेला भोकं, आणि त्याच्या छोट्या वायरला दुसरा कनेक्टर. काम असेल तेव्हा पेटी न्यायची, कनेक्टर दाबायचा, काम झालं की घरी. फवारणीला ट्रॅक्टर जाताना वर काहीच नाही. घरात दोन ट्रॅक्टर असतील तर दुसऱ्यावर फक्त वायर आणि फ्यूज करून ठेवला की तीच पेटी दोन्हीकडे चालते. कनेक्टर इन्व्हर्टर बंद असतानाच जोडायचा आणि काढायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पायरी ६: जोडणी

इंजिन बंद, चावी काढलेली, अंगठी-कडं हातातून काढलेलं. हातातलं कडं आणि पाना मिळून पॉझिटिव्ह आणि चेसिस जोडलं गेलं तर हात भाजतो तो हाडापर्यंत. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवं साचलेलं असेल तर गरम पाण्याने धुवून कोरडं करा.

फ्यूज होल्डरमध्ये घालायचा नाही अजून. आधी इन्व्हर्टरच्या बाजूला लाल-लाल, काळा-काळा लावून घ्या, दोनदा बघा, कारण उलटं लागलं तर बहुतेक इन्व्हर्टर तिथेच संपतात आणि वॉरंटीतही बसत नाहीत. मग बॅटरीला पॉझिटिव्ह, त्यानंतर निगेटिव्ह. काढताना उलट, निगेटिव्ह आधी. ट्रॅक्टरच्या मूळ वायरिंगला कुठेही कापू नका, जोड मारू नका, दोन्ही वायरी सरळ बॅटरीपर्यंत न्यायच्या.

शेवटी फ्यूज बसवताना ठिणगी उडते, घाबरू नका, इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) एकदम भरतात म्हणून. पण बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, तिथे ठिणगी नकोच, म्हणून फ्यूज लावायच्या आधी होल्डरच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्टचा हेडलाईटचा बल्ब दोन-तीन सेकंद धरा. बल्ब चमकतो, मग मंद होत विझतो, म्हणजे कपॅसिटर भरले, लगेच फ्यूज बसवा. बल्ब विझलाच नाही तर थांबा, काहीतरी उलटं जोडलंय किंवा शॉर्ट आहे.

वायर जिथे पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे रबरी ग्रोमेट किंवा जुन्या होजचा तुकडा, आणि दर वीतभरावर टाय. फॅन, बेल्ट, सायलेन्सर, स्टिअरिंगचे रॉड यांच्यापासून लांब. शेवटी टर्मिनलवर व्हॅसलीनचा हात.

पायरी ७: पहिली चाचणी

गिअर न्यूट्रल, पीटीओ न्यूट्रल, पार्किंग ब्रेक, चाकाला दगड. हे प्रत्येक वेळी, फक्त पहिल्यांदा नाही, कारण ट्रॅक्टरवर कोणी बसलेलं नसताना तो चालू राहणार आहे. मोकळ्या हवेतच, शेडमध्ये शटर ओढून नाही, धुराने माणूस गुदमरतो.

इंजिन स्टार्ट करून दोन मिनिटं जाऊ द्या, हँड थ्रॉटलने चौदाशे-पंधराशेला ठेवा, आयडलला अल्टरनेटर पूर्ण देत नाही. मग इन्व्हर्टर चालू. आधी १०० वॅटचा बल्ब किंवा मोबाईल चार्जर, मग ड्रिल रिकामी, मग ड्रिल लोखंडात, सगळ्यात शेवटी ग्राईंडर. ग्राईंडर चालू असताना दुसऱ्या माणसाने मल्टीमीटरने दोन ठिकाणी मोजायचं, बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर किंवा थिंबलमध्ये गडबड आहे. पाच मिनिटांनी सगळं बंद करून प्रत्येक थिंबलला बोट लावून बघा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

पायरी ८: रोज वापरताना

उसनं-परत हिशोब आता कामाला येतो. ६७० वॅटचा ग्राईंडर ६७ अँपिअर मागतो, अल्टरनेटर स्वतःचं सोडून ३० च्या आसपास देतो, उरलेले ३५ बॅटरीतून. असं सलग दहा मिनिटं चाललं तर सहा एएच गेले. ५० एएचच्या बॅटरीला ते फार नाही, पण भरून यायला अर्धा तास तरी इंजिन चालू पाहिजे, बॅटरी जितक्या पटकन देते तितक्या पटकन घेत नाही. प्रत्यक्षात बागेतलं काम सलग नसतंच, एक अँगल कापायचा, पुढे सरकायचं, तार ताणायची, मग परत कापायचा. त्या मधल्या वेळात बॅटरी भरत राहते, त्यामुळे दिवस निघतो.

इंजिन बंद ठेवून वापरू नका, चार्जर सोडून. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फला दोन सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते, हळूहळू रिकामी करून परत भरायला नाही. तिला चार-पाच वेळा पूर्ण खाली नेली की आतल्या प्लेटा खराब होतात. इन्व्हर्टर अकराच्या खाली आल्यावर बीप देतो आणि साडेदहाच्या आसपास बंद होतो, पण तोपर्यंत सेल्फ मारण्याएवढं शिल्लक राहीलच असं नाही. आणि रात्री इन्व्हर्टरचं बटण बंद. काही न लावता चालू राहिला तरी एखादा अँपिअर खात बसतो, सकाळपर्यंत बारा एएच जातात.

लांबी पाहिजे असेल तर २३० च्या बाजूला वाढवा. तिथे हाच ग्राईंडर फक्त तीन अँपिअर घेतो, त्यामुळे दीड स्क्वेअर एमएमची थ्री कोअर वायर वीस मीटर नेली तरी काही फरक पडत नाही. ट्रॅक्टर ओळीच्या तोंडाशी उभा करायचा आणि वायर आत न्यायची. ग्राईंडरच्या ठिणग्या बॅटरीकडे, डिझेल टाकीकडे आणि वाळलेल्या गवताकडे जाणार नाहीत अशा बाजूला उभं राहायचं, डोळ्याला गॉगल.

डिझेलचंही बघा. नुसतं इंजिन चालू ठेवलं तरी तासाला लिटरभराच्या आसपास धरून चाला. चार भोकांसाठी तासभर ट्रॅक्टर पेटवण्यात अर्थ नाही, कामं साठवून एकदम करा. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचा वापर म्हणजे कॉर्डलेस मशीन आणि बॅटरी कात्र्या चार्ज करणं. चार्जर दीड-दोनशे वॅटच्या आतले असतात, ते अल्टरनेटरच्या आवाक्यात बसतात, बॅटरीतून काही उसनं घ्यावंच लागत नाही. ट्रॅक्टर रोटर मारतोय आणि पेटीत कात्रीच्या बॅटऱ्या भरतायत, त्याला वेगळं डिझेल जवळपास नाहीच. फक्त फवारणी चालू असताना पेटी वर नको. रात्रीच्या कामाला उजेड पाहिजे असेल तर १२ व्होल्टचे एलईडी सरळ बॅटरीवर लावा, त्याला इन्व्हर्टर कशाला.

शॉकबद्दल, हे घाईत वाचू नका

इन्व्हर्टरमधून येणारे २३० व्होल्ट घरच्याइतकेच जीवघेणे आहेत, छोट्या डब्यातून येतात म्हणून कमी नाहीत. ज्या मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे तीच वापरा, ती डबल इन्सुलेटेड असते. एका वेळी एकच मशीन. बहुतेक छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट जमिनीशी जोडलेलं नसतं, त्यामुळे घरात आहे तशी आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) पुढे लावली म्हणून ती ट्रिप होईलच असं धरू नका, आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल स्वतःहून अर्थला जोडायला जाऊ नका, काही इन्व्हर्टरमध्ये त्याने आतलं जळतं. बॉडीवर अर्थचा स्क्रू असतो, तो मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसा चेसिसला जोडा.

ड्रिपचं पाणी साचलेल्या वाफ्यात उभं राहून, ओल्या हाताने, पाऊस भुरभुरत असताना काम नाही. सोललेली वायर टेपने गुंडाळून चालवायची नाही, बदलायची. आणि इन्व्हर्टरची वायर दोन पिनांची करून घरच्या किंवा विहिरीच्या बोर्डात घालायचा प्रकार कोणी सुचवला तर ऐकू नका. ती वीज उलटी लाईनवर जाते आणि पोलवर चढलेल्या वायरमनचा जीव जातो, लाईट परत आली तर इन्व्हर्टरही फुटतो.

ट्रॅक्टरवर किंवा अवजारावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी अँडरसन कनेक्टर काढा, बॅटरीचा निगेटिव्हही काढा.

बीप वाजतोय, बंद पडतोय, तर काय बघायचं

मशीनचं बटण दाबताच बीप आला तर त्याच क्षणी बॅटरीवर मोजा. बॅटरीवर १२ च्या वर आणि इन्व्हर्टरवर पावणेअकरा, म्हणजे वायर, थिंबल किंवा फ्यूज होल्डरचा स्क्रू सैल. दोन्हीकडे अकराच्या खाली, म्हणजे बॅटरी थकलेली किंवा आरपीएम कमी. व्होल्टेज चांगलं असून लाल दिवा लागतो, म्हणजे मशीन झेपत नाही किंवा ब्रश झिजलेत. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होऊन थोड्या वेळाने चालू होतो, म्हणजे तापतोय, पेटीची भोकं आणि पंख्याची जाळी साफ करा. फ्यूज उडाला तर मोठा फ्यूज घालायचा नाही, वायर कुठे घासली ते शोधायचं.

दर छाटणीच्या आधी एकदा सगळे बोल्ट पान्याने तपासून घ्या, हादऱ्यांनी ते सैल होतातच.

याच्यापेक्षा जास्त वीज पाहिजे असेल तर

दुसरी बॅटरी लावता येते. सोलरवाल्यांकडे मिळते तसली डीप सायकल घ्यायची आणि मधे व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले घालायचा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, खाली आलं की सोडतो, म्हणजे सेल्फची बॅटरी कायम शाबूत. काम जास्त वेळ निघतं, पण भरणारा अल्टरनेटर तोच, त्यामुळे दिवसभराचं गणित फार बदलत नाही.

वेल्डिंग, कॉम्प्रेसर, कुट्टी, मोटर असं काही रानात चालवायचं असेल तर मग पीटीओवरचा जनरेटर. तो इंजिनची खरी ताकद वापरतो. १५०० आरपीएमचा जनरेटर ५४० च्या पीटीओवर चालवायचा म्हणजे पुली किंवा गिअरबॉक्सने वेग पावणेतीन पट वाढवावा लागतो. एक किलोवॅटला दोन एचपी धरा, म्हणजे ५ केव्हीएला आठ-दहा एचपी, मिनी ट्रॅक्टरला सहज झेपतं. पीटीओचा आरपीएम काट्यावर धरून ठेवावा लागतो, कारण वेग हलला की व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही हलतात, आणि फिरत्या शाफ्टवर गार्ड नसेल तर तो जनरेटर विकत घेऊच नका, उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर अडकला तर सोडवायला वेळच मिळत नाही.